जलाशयाचे निळे अस्तर पालटिले त्याची हकीकत

श्री. जळ निर्मळ असो, वाचणारांचे कल्याण असो. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, फाल्गुन मासी, एका राज्यात पोहण्याच्या जलाशयाचे अस्तर पालटिले. ते कैसे पालटिले आणि कोणी नासिले, हे पुसू गेल्यास मानकरी हल्ली घसा खाकरोन उठोन जातात, सबब येथे लिहोन ठेविले असे.

राज्य सात मनोऱ्यांचे. लोक लोखंडी पाळण्यातून वर जात आणि खाली येत, फाटकावर पहारा, मध्यभागी जलाशय, आणि जलाशयास विनायल म्हणोन निळे अस्तर, तळापासून काठापर्यंत एकसंध, तेच काय ते पाणी धरी. गादीवर श्रीमंत भगवंतराव, दरसाल बिनविरोध, कारण विरोध करावयास सभेस कोणी येतच नसे. त्या राज्यात म्हाळसाबाई म्हणोन बाई राहात. त्यांचे यजमान रंगराव, यांस अर्धांगवायू होऊन डावे अंग गेले. जमिनीवर उभे केले तर कोसळत, परंतु छातीभर पाण्यात बाई कमरेस धरीत आणि रंगराव पाऊल टाकीत. वैद्य बोलिले, "पाण्यातलं चालणं सोडू नका. सोडलंत तर जे परत आलंय तेही जाईल." बाईंनी ते बोलणे मनी धरिले, आणि रोज सकाळी यजमानांस चाकाच्या खुर्चीतून जलाशयी नेत, आणि रंगराव या काठापासून त्या काठापर्यंत चालोन जात, आणि पलीकडे पोहोंचले म्हणजे लहान मुलासारखे हसत.

ऐसे चालले असता अस्तर जुने जाहले. उन्हाने काठाशी कडक होऊन पापडासारखे मोडू लागले, खाचेतून सुटले, तळाशी चिरले, आणि पाणी जमिनीत जिरू लागले. म्हाळसाबाई सदरेस गेल्या. श्रीमंत बोलिले, "ठिगळ लावू." ठिगळ लाविले, ते सुटले. बाई पुन्हा गेल्या. "दिवाळी होऊ द्या." दिवाळी जाहली. "लग्नसराई होऊ द्या." मग जलाशय कोरडा करून दारास कुलूप घातले, आणि त्याच महिन्यात फाटकावर नवी कमान उभी राहिली, तीवर दिवे, आणि दिव्यांमध्ये श्रीमंतांचे नाव. ते पाहोन बाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली, आणि का न जावी? घरी रंगरावांचा पाय दिवसेंदिवस लाकूड होत होता. मग बाईंनी यजमानांची खुर्ची थेट श्रीमंतांच्या दारात नेऊन ठेविली आणि आपण शेजारी बसल्या आणि बोलिल्या, "भगवंतराव, माणसाचे पाय वाया चाललेत इथं! त्या कमानीखालून माझा नवरा चालत जाणार आहे का? अस्तर मागवा, तोवर मी इथनं हलत नाही." त्या दिवशी श्रीमंतांकडे कन्येस पाहावयास पाहुणे यावयाचे होते, ऐसियास दारात हे दृश्य परवडणारे नव्हते, म्हणोन तात्काळ अस्तराचा हुकूम सुटला. दया आली म्हणोन नव्हे, हे वाचणारांनी ध्यानी घ्यावे.

मग कारागीर आले आणि जुने अस्तर कापोन काढिले, तळीची वाळू हातांनी सारखी केली, आणि नवे अस्तर पसरोन त्याची कड काठाच्या खाचेत बसविली, आणि मागील हवा यंत्राने ओढोन घेतली, तेणेकरोन ते भिंतीस चिकटोन बसले. एके बाजूने पाणी सोडिले आणि कारागीर अनवाणी पायांनी सुरकुत्या सारीत चालले. म्हाळसाबाईही निऱ्या खोचोन त्यांत उतरल्या आणि एक सुरकुती राहू दिली नाही. इतक्यात श्रीमंत, चिटणीस आणि मानकरी ऐसे वाजतगाजत आले. श्रीमंतांचे एका हाती नारळ, दुसऱ्या हाती वीट. बाई ओरडल्या, "वीट कशाला? नारळ बाहेर पायरीवर वाढवा!" श्रीमंत बोलिले, "शुभकार्य आहे बाई. जलदेवतेचा मान तळाशीच द्यायचा असतो." आणि उथळ बाजूस, जेथे पाणी अद्याप पोहोंचले नव्हते, तेथे नव्या अस्तरावर वीट ठेवोन तीवर नारळ आपटिला. वीट कलंडली, तिच्या कोपऱ्याने हातभर अस्तर फाटले, आणि मानकऱ्यांनी टाळ्या वाजविल्या! खोबरे सर्वांनी खाल्ले. फाटलेले कोणासही दिसले नाही, म्हणजे दिसले, परंतु तोंडात खोबरे होते.

दुसरे दिवशी पाणी उतरले तेव्हा सदर भरली. चिटणीस बोलिले, "कुणाची तरी काठी टोचली असावी." श्रीमंत बोलिले, "रंगरावांची असेल." रंगराव काठी धरीत नसत, खुर्चीत बसत, आणि कैक महिन्यांत जलाशयाकडे फिरकलेही नव्हते, हे सदरेतील प्रत्येकास ठाऊक, तरी एकजात मूग गिळोन बसले. सबब ठराव जाहला की, फाटले तेथे ठिगळ लावावे आणि आजारी माणसांस जलाशय बंद करावा. म्हाळसाबाई उभ्या राहिल्या. "खोबरं खाल्लंत ना सगळ्यांनी? मग नारळ कुठं फुटला ते सांगा! एक जण तरी सांगा!" चिटणीस बोलिले, "वहिनी, देवाधर्मात वाद नको." ऐसा निर्लज्ज कारभार!

ठिगळ लागोन जलाशय भरला, त्या सकाळी बाई यजमानांची खुर्ची घेऊन जलाशयाच्या दारी गेल्या. पहारेकरी बोलिला, "ताई, हुकूम आहे." बाई बोलिल्या, "मग तू ये पाण्यात आणि काढ आम्हाला बाहेर." त्याने मान खाली घालोन दार उघडिले. बाईंनी यजमानांस पाण्यात उतरविले, कमरेस धरिले आणि बोलिल्या, "टाका पाऊल." रंगरावांनी उजवा पाय टाकिला. डावा हलेना. बाईंनी आपल्या पायाने तो पुढे सारिला, तो गुडघा दुमडला आणि रंगराव गळ्याइतके पाण्यात गेले. बाईंनी ओढोन उभे केले. पुन्हा तसेच जाहले. तेव्हा रंगराव बोलिले, "नाही येत गं आता." श्रीमंत वरील सज्ज्यातून पाहात होते. म्हाळसाबाईंनी यजमानांस छातीशी धरोनच मान वर केली आणि सातही मनोऱ्यांस ऐकू जाईल ऐसे बोलिल्या, "भगवंतराव, नारळ याच पायांवर फोडायचा होतात! एकदाच दुखलं असतं!" श्रीमंत आत गेले आणि सज्ज्याचे दार लाविले.

येणेप्रमाणे अस्तर पालटिले. श्रीमंत पुढील साली पुन्हा बिनविरोध गादीवर आले. आजारी माणसांस बंदीचा हुकूम जलाशयाच्या दारावर अद्याप आहे, आणि म्हाळसाबाई रोज सकाळी त्याखालून यजमानांस आत नेतात आणि पाण्यात उभे करितात. रंगराव उभे राहातात. चालत नाहीत. लेखनसीमा.