पुजलेल्या तारा

थप्.

योगीराजनं तारेवर पुन्हा अंगठा मारला. थप्. ओल्या गोधडीवर काठी हाणावी तसा आवाज. त्यानं अंगठा नाकाशी नेला. खोबरेल तेल.

"अव्वा! माझ्या गिटारला कोण हात लावला?"

"हात कशाला लावू? पूजा केली की," त्याची आई सिद्धव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली. "खंडेनवमी हाय आज."

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक अवजार धुऊन, पुसून, तेल लावून पुजायचं. विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, शेजारच्यांची लुना. त्या रांगेत भिंतीला टेकून योगीराजची बेस गिटार उभी होती. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात झेंडूची माळ. चारी तारा बोटानं चोळचोळून तेल पाजलेल्या, वर कुंकू लावलेल्या.

"गंजायल्या होत्या रे. चांगल्या मुरवले मी."

बेस गिटारीचा ठोका म्हणजे काय, हे सिद्धव्वाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. योगीराजच्या मते बिदर जिल्ह्यातच कुणाला नव्हतं. जाड तारेवर अंगठ्याच्या हाडानं ठोका मारायचा आणि लगेच अंगठा उचलायचा, की तार खालच्या धातूच्या पट्टीवर आपटून ठण्ण बोलते. मग बारीक तार बोटात धरून ओढायची आणि सोडायची. टक्क. ठण्ण-टक्क. पुण्याला कंपनीत होता तेव्हा खोलीतल्या पोरांनी हे ऐकून वाहवा केली होती. तेव्हापासून बाकी सगळी माणसं त्याला बहिरी वाटत.

दुसऱ्या दिवशी दसरा. हुमनाबादला चन्नबसप्पाचा ऑर्केस्ट्रा, आणि कार्यक्रमाआधी योगीराजची परीक्षा. पास झाला तर ऑर्केस्ट्राबरोबर गावोगाव. नापास झाला तर कुठंच नाही, कारण बिदरशेजारच्या कोळारला ज्या गोदामात तो कामाला होता, तिथल्या सुपरवायझरला तो परवाच सांगून आला होता, "खोके उचलायला दुसरा गाढव बघा."

बुळ्ळ. बुळ्ळ.

मळलेल्या तारा पाण्यात उकळल्या की पुन्हा नव्यासारख्या बोलतात, हे त्यानं पुण्यात ऐकलेलं. घरात मोठं पातेलं एकच, हुग्गीचं. त्यानं गव्हाची खीर परातीत ओतली, पातेलं विसळलं आणि तारा गॅसवर चढवल्या. तेल वर आलं. कुंकवानं पाणी लाल झालं.

नेमकी शेजारची राजूबाई वाटी घेऊन आली.

"काय शिजायलंय गं सिद्धव्वा? शेवया?"

"गिटारीच्या तारा हायत."

राजूबाई पातेल्यात बराच वेळ बघत राहिली. "शिजायला किती वेळ लागतंय?"

"मला काय ठाव? पुण्याला खातेत वाटतंय."

"खात न्हाईत!" योगीराज ओरडला. "मावशी, ह्यातलं तुम्हाला कळायचं न्हाई."

"बरोबर हाय बाबा. आम्ही आपली ज्वारी खाणारी माणसं."

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, पोराला पोटात जंत झालेत. दुसऱ्याचं म्हणणं, पुण्याला जाऊन आलेल्यांचं असंच होतं.

तडाक्.

ही बारीक तार. उकळून, दोरीवर वाळवून, पुन्हा गिटारीवर चढवून पिळताना तुटली. म्हणजे टक्क गेलं. दुकानं सणाला बंद, आणि उघडी असती तरी बिदरच्या म्युझिकच्या दुकानात सीडी आणि फटाके मिळत, बेसची तार नाही.

"तीन राहिल्या की," बहीण दानेश्वरी म्हणाली. "एकतारीवर लोक जन्म काढतेत."

योगीराजनं तिच्याकडं दुकानातल्या शिळ्या मिठाईकडं बघावं तसं बघितलं. बारीक तार नाही ना? मग जाड तारांनी दोघींचं काम करायचं. तार पट्टीच्या जितकी जवळ, तितका ठोका धारदार. त्यानं तारांच्या बुडाशी असलेला, त्यांना वरखाली करणारा स्क्रू पिळून तारा खाली घेतल्या. ठण्ण! छान. अजून थोडं. ठण्णठण्ण! अजून थोडं धारदार झालं तर चन्नबसप्पा पायच धरेल.

त्यानं अजून थोडं पिळलं.

तारा पट्ट्यांवर आडव्या झोपल्या. स्क्रू उलटा फिरवला तर फिरेना. जोर लावला, तर त्याची खाचच झिजून गेली.

ठाप.

हुमनाबाद. मांडवामागं चन्नबसप्पा पान खात खुर्चीत बसला होता. शेजारी कीबोर्डवाला बंडेप्पा.

"वाजीव."

योगीराजनं डोळे मिटले आणि अंगठा घातला. ठाप. ठाप ठाप. सूर असा नव्हताच. अंगठा नुसता लाकडावर पडावा, इतका कोरडा आवाज.

बंडेप्पा मागं वळून बघायला लागला. "कोण खिळा ठोकायलंय बे?"

"हा आवाज असाच असतो," योगीराज म्हणाला. "तुमच्या कीबोर्डात न्हाई मिळायचा."

"देवाची कृपा हाय."

चन्नबसप्पानं हात वर करून त्याला गप्प केलं. "थांब. पुन्हा मार. जरा फास्ट."

ठाप-ठाप-ठापाठाप.

चन्नबसप्पाची मान डोलायला लागली. त्यानं पान गालात सरकवलं. "बंडेप्पा, आपला निंगप्पा गेला ना पुण्याला?"

"व्हय अण्णा. कंपनीत लागला. आता कुठला येतोय."

"मग झालं की. ह्याला घे त्याच्या जागी."

योगीराजनं आनंदानं गिटार उराशी धरली. मग एक शंका आली. "निंगप्पा काय वाजवत होते, अण्णा? बेस?"

"ढोलकी."

"अण्णा, मी बेसिस्ट हाय."

"हायस की. कोण नको म्हणायलंय? पण बस खाली सतरंजीवर. ढोलकीवाला उभा राहिला तर पब्लिक हसतंय."

योगीराजला बोलायचं बरंच होतं. अडाणी, बहिरे, पान खाणारे, सगळे शब्द ओठावर आले. त्याच वेळी गोदामातली खोकी आठवली, आणि सुपरवायझरचं तोंडही. तो सतरंजीवर मांडी घालून बसला. लांब गिटार मांडीवर आडवी घेतली.

पडदा वर गेला. निवेदकानं माईक ओढला. "आणि ढोलकीवर... बिदरचे... योगीराज!"

योगीराजनं निवेदकाकडं तुच्छतेनं बघितलं. मग समोर बघितलं. लोक शिट्ट्या मारत होते. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मुरलेले ढोलकीवाले लावतात तसे हळूच कपाळाला लावले.