अ काम सोडून जातो

सुलक्षणा फडतरेने चुकवलेलं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घरी येई आणि बरोबर सुटेपर्यंत मुक्काम करी. कराडच्या त्या सोसायटीत याचं कोणाला फारसं काही वाटलं नाही. सचिवांनी एवढंच कळवलं, की तीन दिवसांहून अधिक राहणाऱ्या पाहुण्यांची नोंद लेखी द्यावी.

नोंदीचं काम तात्यांनी आनंदाने अंगावर घेतलं. तात्या म्हणजे सुलक्षणाचे वडील; ते पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले होते. आई तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. तात्यांनी एक वही घेतली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले: पान, प्रश्न क्रमांक, आल्याची तारीख, चुकीचं कारण, गेल्याची तारीख.

पहिला आला तो एक धिप्पाड गृहस्थ. वल्हं दाराशी टेकवून तो आत येऊन बसला.

"नाव?" तात्यांनी विचारलं.

"खाली पार्किंगमध्ये लावलीय."

"तुमचं नाव."

"एक माणूस. शांत पाण्यात ताशी आठ किलोमीटर."

तात्यांनी तसं लिहून घेतलं आणि सुलक्षणाला हाक मारली. "चुकीचं कारण काय घालू?"

"सिली मिस्टेक घाला," ती वेणी घालता घालता म्हणाली. "येतं मला ते."

"हे कारण खात्यात चालत नाही. येत होतं तर हे गृहस्थ इथे कशाला आले असते?"

मग तिला पुस्तक घेऊन बसावंच लागलं. प्रवाहाविरुद्ध जाताना तिने प्रवाहाचा वेग वजा करायच्या ऐवजी मिळवला होता. तसं कारण वहीत गेलं, गणित सुटलं आणि एक माणूस साडेआठला चहा घेऊन निघून गेला.

व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेची तिची ही दुसरी खेप. दूध संघात फॅट तपासायची नोकरी सांभाळून मागच्या वर्षी तिने सरावाची चार जाडजूड पुस्तकं संपवली होती. संपवली म्हणजे प्रश्न वाचायचा, मागे उत्तरसूचीत बघायचं, "हेच तर येणार होतं" म्हणायचं आणि पान उलटायचं. त्या वर्षी घरी एकही पाहुणा आला नाही. सोडवलंच नाही तर चुकणार काय? परीक्षेतही मग व्हायचं तेच झालं. यंदा तिने एकच पुस्तक घेतलं होतं, आणि घर भरलं होतं.

पाहुण्यांचे नियम हळूहळू कळत गेले. उत्तरसूचीतून उतरवलेलं उत्तर त्यांना चालत नसे. ते जागचे हलतच नसत. तुक्का मारून उत्तर बरोबर आलं, तर जिना उतरून फाटकापर्यंत जात आणि परत येत. "ताई, तुक्का होता ना?" असं विचारत, पण रागाने नाही. एकदा गोल टेबलाभोवती बसणारे सहाजण आले आणि दोन दिवस उभेच राहिले, कारण कोण कोणाच्या डावीकडे हे ठरलेलं नव्हतं. तात्यांनी मंडपवाल्याकडून गोल टेबल आणून दिलं, तरी ते टेबलाभोवती उभेच. सुलक्षणाने ते कोडं सोडवलं तेव्हा सहाही जण एकदम खाली बसले, पाच मिनिटं पाय मोकळे केले आणि गेले.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना ब आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला घाम नाही, हातात काही नाही.

"एक काम अ बारा दिवसांत करतो," तो म्हणाला, "आणि मी तेच अठरा दिवसांत करतो. आम्ही दोघे मिळून कामाला लागतो. चार दिवसांनी अ काम सोडून जातो. उरलेले काम मी एकटा किती दिवसांत पूर्ण करीन?"

"अ का जातो?"

"प्रश्नात तसे दिलेले आहे."

"आणि काम कसलं?"

"एक काम."

तात्यांनी सरकारी नोकरीत हयात काढलेली. त्यांनी पुढे विचारलं नाही.

ब राहिला. तो सगळं दीडपट वेळ लावून करी, पण चोख करी. तात्या आणि तो समोरासमोर बसून लसूण सोलत, संध्याकाळी नदीकाठच्या प्रीतिसंगमावर फेरी मारून येत. दोघंही बोलायला कमी, त्यामुळे त्यांचं छान जमलं.

सुलक्षणाचं उत्तर मात्र रोज बारा येई. पुस्तकातलं बाकी सगळं आता हाताखाली आलं होतं, पाहुणे येत तसे तासाभरात जात, पण ब हलायला तयार नव्हता. "ब एकटा" हे शब्द आले की तिची नजर स्वयंपाकघराकडे जाई. प्रवेश मिळाला तर दोन वर्षं बाहेरगावी. मग इथे उरणार कोण, तर तात्या. औषधाच्या गोळ्या, गॅसचा नंबर, गुडघेदुखी, आणि आईचा फोटो. गणित तिथेच अडकून बसे.

आठव्या दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली. "तात्या, मी यंदा परीक्षेला बसत नाही."

तात्यांनी वही उघडली. "कारण?"

"लिहू नका उगीच."

"कारणाशिवाय कागद पुढे सरकत नाही."

"तुम्ही एकटे कसं करणार सगळं?" ती म्हणाली.

ब ने लसणाचं ताट बाजूला सरकवलं आणि हात पुसले. "ताई, तुमचे कच्चे काम बघू का?"

तिने कागद दिला. ब ने तो हळूहळू वाचला. "चार दिवसांत अ ने एक तृतीयांश काम केले. उरले दोन तृतीयांश. ते ब ला करायला बारा दिवस." त्याने मान वर केली. "ताई, ते चार दिवस मी कुठे होतो?"

तिने कागद आपल्याकडे वळवून पुन्हा वाचला.

"अ होते तेव्हा मी बसून नव्हतो. माझे काम तुम्ही धरलेलेच नाही."

तात्या वहीकडे बघतच बोलले. "बघ की. सकाळच्या चपात्या कोण करतं?"

"तुम्ही."

"गॅसचा नंबर?"

"तुम्हीच."

"तुझ्या आईला दवाखान्यात डबा कोण न्यायचं? तू असतेस तेव्हा गोडच लागतं गं सगळं. पण मी आपला करतोयच की पहिल्यापासून."

सुलक्षणाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. तीन वर्षं आपण या माणसाला सांभाळतो आहोत, असं ती धरून चालली होती. तिला लाज वाटली आणि तात्यांबद्दल फार माया वाटली. मग नाक पुसून तिने नवा कागद घेतला. दोघांचं एका दिवसाचं काम छत्तीसात पाच. चार दिवसांचं छत्तीसात वीस. उरलं सोळा. एकट्या ब चं दिवसाचं काम छत्तीसात दोन.

"आठ," ती म्हणाली.

"आठ," ब म्हणाला, आणि बाह्यांची बटणं लावून उठला. तात्या त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ खाली उभे राहिले. वर आल्यावर त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: ब चे काम धरले नाही.

परीक्षेत तिचे तीन प्रश्न चुकले. तिघंही दुसऱ्या दिवशी सात वाजता हजर झाले. तात्यांनी त्यांना पोहे दिले, आणि साडेनऊच्या आत ते मार्गी लागले. तिला नागपूरला प्रवेश मिळाला.

जुलैत ती गेली. पहिल्या संध्याकाळी हॉस्टेलवरून तिने फोन केला, तेव्हा तात्या म्हणाले, "कामात आहे जरा. तू जेव." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिने आग्रह केला नाही. तिला हिशेब माहीत होता.

आठव्या संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"झालं," तात्या म्हणाले. आवाज दमलेला होता, पण मोकळा. "आता बोल निवांत. मेसची भाजी कशी आहे?"