फुरशाची उपजात आणि पोळ्यांचं फडकं

साप बघून त्याचं कूळ सांगणारा इंदिरानगरात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी! तीन दिवसांचं शिबिर केलंय. सर्पमित्राच्या ओळखपत्रासाठी वनखात्यात अर्जही टाकलाय. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये फुरसं निघालं तेव्हा मला आनंदच झाला. लांब चिमट्याने उचलून ते मी बायकोच्या पापडांच्या काचेच्या बरणीत टाकलं आणि वनरक्षक धम्मपाल यांना फोन केला.

"दोन तासांत पोचतो, सर. तोवर त्याला छेडू नका."

छेडतंय कोण? मी फक्त उपजात ओळखणार होतो! नुसतं 'फुरसं' काय, कुणीही म्हणेल. पोटावरचे खवले मोजून उपजात सांगितली की ओळखपत्र खिशात!

हवेसाठी मी बरणीच्या तोंडाला कांद्याच्या गोणीची जाळी बांधली. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या लंकाबाई मूळच्या हरसूलच्या जंगलपट्ट्यातल्या. त्या डोकावल्या.

"साहेब, जाळीची भोकं लय मोठी हायेत. सापिणीचे दिवस भरलेत."

"लंकाबाई, हा नर आहे!"

"मग पोट कशाचं?"

"उंदीर खाल्लाय त्याने!"

 पोळ्यांचं फडकं आणून त्यांनी जाळीवर घट्ट आवळलं. मी मनातल्या मनात हसलो.

भिंग घेऊन मोजायला बसलो. त्र्याऐंशीला साप वळला. पुन्हा पहिल्यापासून! एकशे बाराला बायको उज्वला ओरडली, "अहो, चहा निवतोय!" शेवटी उरलेले अंदाजाने धरले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : 'दुर्मीळ उपजात. नर.' मग बरणीवर चादर झाकून चहा प्यायला गेलो.

धम्मपाल आले तेव्हा निम्मी सोसायटी आमच्या हॉलमध्ये होती. मी ऐटीत चादर ओढली.

नराच्या भोवती अकरा पिल्लं वळवळत होती!

"सर, फुरशी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात," धम्मपाल शांतपणे म्हणाले. "आणि जन्मल्यापासून विषारी. हे फडकं नसतं तर जाळीतून सगळी घरभर झाली असती."

त्याच फरशीवर माझी नात साक्षी रांगत होती. मी तिला उचललं आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसलो. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

"फडकं कुणी बांधलं?" धम्मपालांनी विचारलं.

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आतून आवाज आला, "साहेब, दुसरं फडकं द्या, पोळ्या गार व्हायल्यात!"

परवा माझा अर्ज मंजूर होऊन आला. खाली शेरा आहे : 'लंकाबाई सोबत असल्यास हरकत नाही.'