बिनटाक्याचं ऑपरेशन

"टाके किती घातले?" पालथ्या पडलेल्या मास्तरांनी उशीतूनच विचारलं.

"एकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सुई आत घातली, नसेला दाबणारा गादीचा फुगवटा काढला, सुई बाहेर. वर एक पट्टी लावलीय. संध्याकाळी घरी जा."

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. उभी हयात मशीनवर वाकून गेली आणि म्हातारपणी कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. आता पायातली कळ गेली होती, पण मन मात्र खट्टू झालं होतं. ज्याला टाका नाही ते काम कसलं? त्यातून 'माझी पाठ उघडणार आहेत' अशी दवंडी त्यांनी साऱ्या गोतावळ्यात पिटली होती. व्याह्यांचा तर फोनवर जवळजवळ निरोपच घेतला होता.

घरी येऊन त्यांनी आरशात पाठ बघितली. बोटाच्या पेराएवढी पट्टी!

"एवढीशी पट्टी बघायला लोक येणार?" ते कळवळून म्हणाले.

"मग येऊ नका म्हणून सांगा," बायको म्हणाली.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. ते उद्या भेटायला येणार होते. मास्तरांनी ताबडतोब पांढऱ्या अस्तराचा तागा काढला. डॉक्टरीणबाईंनी बसायला मनाई केली होती, म्हणून त्यांनी उभ्यानेच कापड बेतलं आणि मशीनवर बायकोला बसवलं. छातीपासून मांडीपर्यंत येणारं बँडेज तयार झालं. आत कापूस, बगलेत हूक, कडेला दुहेरी शिलाई.

"यावर तांबडं औषध शिंपडू का?" बायकोने कुत्सितपणे विचारलं.

"जरासंच. उजवीकडे," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

व्याही आले. पूर्वी बस चालवायचे. खड्ड्यांनी त्यांच्याही कमरेचा निकाल लावला होता. एक पाय ओढत खोलीत शिरले आणि बँडेज बघून दारातच थबकले.

"फार दुखलं?"

"काय सांगू! चार तास गेले तिथे," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना बघून त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. व्याही चहा तसाच टाकून उठले.

रात्री मुलीचा फोन आला.

"बाबा, सासऱ्यांना काय दाखवलंत तुम्ही? सोमवारी त्यांचीही हीच सुई आहे, त्याच डॉक्टरांकडे. आता 'मेलो तरी जाणार नाही' म्हणतात. पाय लुळा पडायला लागलाय त्यांचा! उशीर करू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय."

व्याह्यांचं काही बरंवाईट झालं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं? मास्तरांनी लगेच व्याह्यांना फोन लावला.

"अहो, काही नसतं त्यात. नुसती सुई!"

"मला धीर देण्यासाठी खोटं बोलताय," व्याही म्हणाले. "एवढ्या वेदनेत दुसऱ्याचा विचार! देवमाणूस आहात."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? बेतलंत तुम्ही, आता उसवाही तुम्हीच."

सकाळी तेच बँडेज चढवून मास्तर व्याह्यांच्या घरी गेले. बेताबेतानं जिने चढले, पण कळ म्हणून आली नाही. आत गेल्यावर त्यांनी सदरा काढला आणि बगलेतल्या पहिल्या हुकाला हात घातला.

"नको, सोडू नका!" व्याह्यांनी डोळे गच्च मिटले. "आतलं सगळं बाहेर येईल!"

"बघा तर खरं!" मास्तरांनी बँडेज उतरवून पाठ त्यांच्याकडे केली.

व्याह्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग पुढे होऊन त्या पट्टीवर नाक टेकेल इतकं जवळून बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ते चार तास?"

"त्यातले बरेचसे बाहेर बाकावर गेले," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "चुकलो मी. लोकांनी 'अरेरे' म्हणावं, एवढीच हौस होती. त्यापायी तुमची कंबर जायची वेळ आणली."

व्याह्यांनी बँडेज उचललं, उलटंसुलटं केलं, आतला कापूस चाचपला, हूक लावून पाहिले. आता हे आपल्या तोंडावर फेकणार, उद्यापासून सोयरीक नावापुरती उरणार, असं मास्तरांना वाटलं.

"सोमवारी जातो मी," अखेर व्याही म्हणाले.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"पण मास्तर, डेपोतली सगळी मंडळी मला भेटायला येणार आहेत. पाठ उघडणार म्हणून मीही सगळ्यांना सांगून बसलोय." व्याह्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "टेप आणलीय?"

टेप मास्तरांच्या गळ्यात होतीच. ती अंघोळीलाच काय ती उतरायची. व्याही जमेल तेवढे ताठ झाले आणि त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले.

"पोटाला जरा सैल ठेवा," ते म्हणाले, "आणि तांबडं औषध तुमच्यापेक्षा थोडं जास्त."