जालीम म्हणजे किती

शेवटी बाबा शेजारच्या काकांकडे राहायला गेले. घरात मात्र असं काही घडलंच नाही असं ठरलं आहे. ते सोयीचंही आहे, कारण बाबा त्याच्या महिनाभर आधीच वारले होते.

झालं एवढंच की दोन्ही घरांची दारं रंगवायला काढून जिन्यात टेकवली होती. रंगाऱ्याने पाट्यांच्या स्क्रूंची जुनी भोकं बुजवली आणि बाबांच्या नावाची पितळी पाटी आईच्या हातात आली.

"आधी ही लाव," ती मुलाला म्हणाली. "नाव उतरलं की माणूस खरंच गेल्यासारखं वाटतं."

मुलगा चिकटवायचं काहीतरी आणायला गेला.

"टिकाऊ देऊ, पक्कं की जालीम?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"टिकाऊ म्हणजे वर्षभर. पक्कं म्हणजे दार आहे तोवर. जालीम म्हणजे तुमचा विचार बदलला तरी."

विचार बदलायचा प्रश्नच नव्हता. मुलाने जालीम घेतलं आणि दोन सारख्या दारांपैकी जवळच्या दारावर पाटी चिकटवली. दुसऱ्या दिवशी सुताराने ते दार काकांकडे बसवलं.

काका आणि बाबा चपलांवरून वर्षानुवर्षं भांडत आले होते. काका पाटीकडे बघत राहिले. "आजवर चपला ठेवायचा माझ्या दारात. आता स्वतःच आला."

पाटी उचकटायला सुताराने पटाशी लावली. पटाशीचं टोक तुटलं.

"दारं बदला ना," मुलगा म्हणाला.

"त्यांच्या बिजागऱ्या डावीकडे, तुमच्या उजवीकडे," सुतार म्हणाला. " उलटं करून बसेल. फक्त नाव पायपुसण्यापाशी येईल, खाली डोकं वर पाय."

"जन्मभर ताठ चालले ते," आई म्हणाली. "आता शीर्षासन नको."

"मग नवी पाटी करू."

"दोन घरी दोन? एक सांभाळताना माझा जन्म गेला."

मुलगा पुन्हा दुकानात गेला. "मी विचारलं होतं तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

त्या संध्याकाळी आई बराच वेळ काकांच्या दाराकडे बघत बसली. "डॉक्टरांनी ह्यांना दिलेलं औषधसुद्धा जालीमच होतं म्हणे. आठवडाभर पुरलं नाही. आणि हे बघ."

अखेर पाटीपुरतं दार कापायचं ठरलं. सुतार करवत घेऊन आला, तर काका दाराला पाठ लावून उभे.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला भेटायला म्हणून लोक चुकून माझ्याकडे येतात. बसतात. चहा घेतात. माझ्याकडे कोण येतंय एरवी?"

"पण काका, तुमचं तर भांडण होतं."

"अजून आहे. रोज सकाळी भांडतो. आता मी जिंकतो."

आईने सुताराला परत पाठवलं, ती आत गेली आणि सोसायटीच्या कमिटीला अर्ज लिहिला:

'महोदय, माझे पती सध्या विनापरवाना शेजारील घरी वास्तव्यास आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तथापि त्यांना रोज संध्याकाळी किमान तासभर स्वगृही पाठवण्याची व्यवस्था व्हावी. चपला कुठेही काढल्या तरी हरकत घेतली जाणार नाही.'