सूज उतरल्याची तक्रार

सूज उतरली म्हणून तक्रार घेऊन येणारा पेशंट मी आयुष्यात एकच पाहिला. भालूकाका. गंजाडचे चिकूवाले. बाकी पेशंट बायकाच, त्या तोंडाला ओढणी गुंडाळून यायच्या आणि काकुळतीला येऊन विचारायच्या, "ही सूज कधी जाईल हो? परवा लग्नाला जायचंय." काका मात्र दारातूनच गाल पुढे करायचे. "बेन, हे बघा! त्या दिवशी कसं टम्म होतं, आणि आज सपाट. टिकत नाय तुमचा माल."

ही गोष्ट दोन हजार सोळा-सतराची. तेव्हा मी डहाणू रोडला एका त्वचेच्या दवाखान्यात कामाला होते. मॅडम आठवड्यातून दोनदा बोईसरहून यायच्या. पेशंटच्या दंडातलं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर जो पिवळसर भाग तरंगतो तो बारीक सुयांनी त्याच्याच चेहऱ्यात टोचायचा, म्हणजे कातडी पुन्हा तरतरीत होते, असं ते नवं प्रकरण आमच्या गावात नुकतंच आलं होतं. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. तिथून जाताना माझी नजर अजून वर जाते, आमची पाटी शोधायला.

काका मूळचे आले होते मानेवरची चामखीळ काढायला. बाहेर बाकावर बसले असताना आतून एक बाई आल्या, दोन्ही गाल लालबुंद, चांगलेच वर आलेले. काका उठून उभेच राहिले. चामखीळ राहिली बाजूला. मॅडमसमोर जाऊन म्हणाले, "मला त्या बाईंसारखं पाहिजे."

साठी ओलांडलेला, ब्रह्मचारी, पायात रबरी चपला, शर्टावर चिकूच्या चिकाचे डाग. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काका, तुम्हाला नक्की काय हवंय? तेज? सुरकुत्या कमी?"

"तेज राहू द्या. गाल पाहिजेत. हाताला लागतील असे."

यंत्र सुरू झालं की काका त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायचे. पिवळ्या भागाला ते निवळी म्हणायचे, चुन्याची असते तशी. "बेन, माझी निवळी बसली का?" आत पार्लरवाल्या कोणा बाईंची नळीही फिरत असली, तर त्यांचा जीव खालीवर व्हायचा. नावाची चिठ्ठी तीनतीनदा वाचून घ्यायचे. "अदलाबदल झाली तर उद्या मी वाडीत भुवया कोरत बसेन, बराबर ना?"

बाकावर बसून ते इतर पेशंटची पारख करायचे, तो आणखी एक वैताग. चिकूची साल नखाने जराशी खरवडून आतून हिरवा की तांबूस ते बघायची त्यांची जन्माची सवय. माणसांना नख लावत नव्हते एवढंच नशीब. तलासरीहून आलेल्या एका चांगल्या पैसेवाल्या बाईंना त्यांनी सरळ सांगितलं, "ही साल एकदम छान आहे. तुम्ही कशाला टोचून घेता? घरी जा." बाई खरंच घरी गेल्या. त्या दिवशी मॅडम माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, जसं काही मीच काकांना तिथे बसवलं होतं.

टोचून झाल्यावर मी बर्फाची पिशवी द्यायचे. काका ती गुडघ्यावर ठेवायचे.

"काका, गालावर धरा, नाहीतर सूज येईल."

"येऊ दे की. त्याच्यासाठीच तर आलो."

मॅडमनी त्यांना हज्जारदा समजावलं, की सूज म्हणजे गुण नव्हे, ती दोन दिवसांत जाणारच. खरा फरक काही महिन्यांनी दिसतो. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "महिन्यांचं कोणी बघितलंय, मॅडम? मला आज संध्याकाळचं सांगा." वेळही नेहमी दुपारचीच मागायचे. दिवेलागणीच्या आत घर गाठायचं, म्हणून फुगलेल्या तोंडाने गंजाडच्या एसटीमागे पळत सुटायचे.

रिक्षा स्टँडवर साहजिकच बोभाटा झाला, की भालूकाका बोहल्यावर चढणार. एक मध्यस्थ तर आशागडहून स्थळ घेऊन थेट दवाखान्यातच हजर झाला. काकांनी त्याला चहा पाजला, खारी खायला घातली आणि म्हणाले, "बायको नको रे बाबा. गाल कुठे मिळत असतील तर सांग."

आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेहून परतताना मी गंजाडला उतरले. काकांनी कितीदा बोलावलं होतं. आदल्याच आठवड्यात ते टोचून गेले होते, त्यामुळे सूज उतरलेली होती. अंगणात चिकूचे ढीग, आणि ओटीवर भिंतीला टेकून एक म्हातारी बसलेली. अंगाने इतकीशी, दोन्ही डोळे गेलेले. ती काकांची आई.

दिवा लागला. काका तिच्यासमोर मांडी घालून बसले. म्हातारीने दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या तोंडावरून फिरवू लागली. कपाळ, भुवया, मग गाल. तिथे हात थांबले. काका श्वास रोखून बसले होते.

"बरा आहेस," ती म्हणाली. "वाढ आता."

नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. म्हातारी हळूहळू जेवली. काका तिच्या ताटाकडेच बघत होते.

नंतर अंगणात त्यांनी मला सगळं सांगितलं. त्याआधीच्या पावसाळ्यात ते टायफॉइडने खंगले होते. आईच्या हाताला गालांची खळगी लागली, आणि तिने मनाशी धरलं की घरात खायला पुरत नाही. मग दोन घास खायची आणि ताट पुढे सरकवायची. माझं पोट भरलं, तू घे. डबे उघडून दाखवले, तांदळात तिचा हात घातला, वैद्य आणले, शेजारणींना शपथा घ्यायला लावल्या. पटेना. तिचा विश्वास फक्त गालांवर.

"ती संपत चालली होती, बेन. तुमच्याकडून सुजून आलो त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवली. मधल्या दिवसांत काय करणार? एकदा दोन्ही गालांत सुपाऱ्या धरून बसलो. तर म्हणाली, बोलत का नाहीस रे?"

मी हसले आणि लगेच रडूही आलं. काका माझ्यासाठी चिकू भरायला मागे गेले, तेव्हा म्हातारीने मला हाकेने जवळ बोलावलं.

"सुया टोचणारी तूच ना, पोरी?"

मी तिच्यापाशी बसले.

"माझ्या बोटांना खपल्या लागतात ना त्याच्या गालावर. बारीक बारीक. पहिल्या दिवसापासून. औषधाचा वास पण येतो." तिने माझा हात घट्ट धरला. "गाल बसलेलेच आहेत त्याचे, मला काय कळत नाय? पण एवढं दुखवून घेतोय लेकरू. मी नाय जेवले तर आणखी टोचून घेईल. म्हणून जेवते. त्याला सांगू नको हां."

मी नाही सांगितलं. काका पुढेही येत राहिले, निवळीची चौकशी करत राहिले, आणि मी बर्फाची पिशवी मुकाट्याने त्यांच्या गुडघ्यावर ठेवत राहिले.

दोन हजार अठराच्या थंडीत म्हातारी गेली. दिवसवार झाल्यावर काका आले. डोक्याचा गोटा, मिशी काढलेली, गाल पार आत. मॅडम मायेने म्हणाल्या, "बसा काका, आज करून टाकू. पैशांचं बघू नका."

"नको मॅडम. आता ह्या तोंडाला हात कोण लावणार आहे?"

बाहेर येऊन ते बाकावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक गोष्ट आत टोचत राहते. शेवटपर्यंत माझ्या आयला फसवलं मी. आंधळ्या माणसाला. प्रत्येक घास खोट्यावर खाल्ला तिने."

तिला दिलेला शब्द मला आठवत होता. पण हा माणूस ते ओझं घेऊन रिकाम्या घरात परत जाणार होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. खपल्या, औषधाचा वास, आणि ती का जेवत होती तेही.

काकांनी स्वतःचा हात उचलला, गालावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आय माझ्यासाठी जेवत होती," ते म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच ढसाढसा रडले.