रंगनाथरावांचं कार्बन-घट मंडळ

एका जंगलात फार धूर झाला होता, मुलांनो. कशाचा म्हणाल, तर भजीचा. तिथल्या प्राण्यांना कच्चं काही गोडच लागेना. घरोघरी चूल, चुलीवर कढई. हसू नका, तुमच्याकडे काय वेगळं आहे?

त्या जंगलात रंगनाथराव धनेश राहायचे. धनेश म्हणजे तो भल्या मोठ्या चोचीचा पक्षी. त्यांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. पिल्लू मोठं होईपर्यंत ती आत, आणि नवरा बाहेरून फळं आणून भरवतो.

वेणूबाई अशाच आत बसल्या होत्या. पिल्लू झालं, गोजिरवाणं झालं. पण झाडाखालच्या चुलींचा धूर थेट ढोलीत शिरायचा. पिल्लू खोकून खोकून बेजार व्हायचं.

"अहो, काहीतरी करा ना," वेणूबाई फटीतून म्हणाल्या. "लेकरू गुदमरतंय माझं."

रंगनाथराव भला माणूस. म्हणजे, पक्षी. त्यांनी शेजाऱ्यांना गोळा केलं, हातापाया पडले. सगळ्यांची मिळून एकच चूल ठरली. धूर निम्म्यावर आला. पिल्लू शांत झोपू लागलं.

इथंच गोष्ट संपली असती हो! पण परदेशातून एक करकोचा आला. येतो दर हिवाळ्यात, आणि काहीतरी शिकवून जातो.

"याला धूर नाही, कार्बन म्हणतात," तो म्हणाला. "आणि तुम्ही केलंत, त्याला चळवळ म्हणतात."

झालं! रंगनाथरावांची मान ताठ झाली. त्यांनी ओढ्याकाठी गट काढला, टेकडीवर गट काढला. सगळे स्वयंसेवक, पदरचं खाऊन राबणारे. मग सगळ्या गटांचं मिळून एक मोठं मंडळ निघालं. आता मंडळ म्हटलं की बैठक आली. आज या गटाकडे, उद्या त्या गटाकडे. आणि पाहुणे दारात आल्यावर नुसतं पाणी कसं पुढे करायचं? भजी तळावीच लागायची.

"अहो, फळं आणलीत का?" वेणूबाई विचारायच्या.

"अगं, बैठकीला निघालोय."

"कसली बैठक?"

"धूर कमी करायची."

"इथला वाढलाय पुन्हा."

"हो का? मांडतो हं मी तो मुद्दा," म्हणून रंगनाथराव भुर्रकन उडून जायचे.

शेवटी महामेळावा ठरला. कुठे? तर रंगनाथरावांच्याच झाडाखाली. चळवळ तिथून निघाली ना! प्रत्येक गटानं कमी धुराची आपापली चूल आणली. अस्वल स्वागताध्यक्ष होतं. ते म्हणालं, "पेटवा रे सगळ्या एकदम! पाहुण्यांना फरक दिसू दे."

फरक दिसला. म्हणजे, बाकी काहीच दिसेना. ढोलीत पिल्लू खोकू लागलं. वेणूबाई हाका मारमारून थकल्या.

खालच्या फांदीवर रंगनाथरावांचं भाषण चाललं होतं. त्यांना खोकला ऐकू आला. ते थबकले. ढोलीकडे पंख केला त्यांनी.

"ऐका, मित्रांनो, हा खोकला ऐका!" ते म्हणाले. "याच्यासाठीच आपण लढतोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात वर धाडकन आवाज झाला. वेणूबाईंनी आतून चोच मारून लिंपण फोडलं होतं. पिल्लाला घेऊन त्या बाहेर आल्या.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "आम्ही जरा श्वास घेऊन येतो."

आणि मायलेकरं नदीपलीकडे निघून गेली.

रंगनाथराव आभारप्रदर्शन उरकून संध्याकाळी त्यांना शोधत तिथं पोहोचले. पलीकडे नुसती सांबरं होती. गवत खायची, तेही कच्चं. हवा कशी निर्मळ! पिल्लू जांभळीच्या झाडावर गाढ झोपलं होतं. रंगनाथरावांना भडभडून आलं.

"चुकलं गं माझं," ते म्हणाले. "बाळाला विसरलोच होतो मी."

वेणूबाईंचा राग थोडा निवळला. त्या सरकल्या, नवऱ्याला फांदीवर जागा दिली. रंगनाथरावांनी छाती भरून श्वास घेतला. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"काय गं," ते म्हणाले, "इथं एवढी स्वच्छ हवा, आणि एकही गट नाही?"

वेणूबाईंनी पिल्लाला हलवलं. "ऊठ राजा. आपल्याला अजून पुढे जायचंय."

तात्पर्य: कुठे स्वच्छ हवा आढळली, तर तिथं ताबडतोब एक गट स्थापन करावा. नाहीतर ती आपोआपच स्वच्छ आहे, असा लोकांचा गैरसमज होतो.